स्टेंटवरचे औषध संपते, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही

सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश फिरतो आहे. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटमधले (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी तिच्यात बसवलेल्या धातूच्या जाळीतले) औषध तीन-चार महिन्यांत संपून तो साध्या स्टेंटसारखाच उरतो, त्यामुळे जादा किंमत ही लूट आहे आणि स्टेंट बसल्यावर गोळ्यांचीही गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून आमच्या इमारतीतल्या काकांनी गोळी बंद केली, म्हणून हे लिहीत आहे.

औषध काही महिन्यांत संपते हे खरे आहे, पण मुळात ते तेवढ्याच काळासाठी असते. स्टेंट बसवताना फुग्याने रक्तवाहिनी रुंद करतात, तेव्हा तिच्या आतल्या भिंतीला इजा होते, आणि ती भरून येताना तिथल्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढल्या तर जाळीच्या आतच वाहिनी पुन्हा अरुंद होते. ही वाढ मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होते आणि सिरोलिमस, एव्हरोलिमस यांसारखी औषधे ती त्याच काळात रोखतात. हाड जुळल्यावर प्लास्टर काढले, म्हणून कोणी प्लास्टरला निरुपयोगी म्हणत नाही. साध्या स्टेंटमध्ये शंभरांतील सुमारे 20 ते 30 जणांची वाहिनी पुन्हा अरुंद होत असे. लेपित स्टेंटमुळे हे प्रमाण बहुतेक अभ्यासांत दहाच्या खाली आले.

किमतीबाबतचा राग पूर्वी रास्त होता. मात्र फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने कमाल दर ठरवून दिले: साध्यासाठी 7,260 रुपये, लेपितसाठी 29,600 रुपये, करांव्यतिरिक्त. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली आहे की नाही, हे जरूर पाहावे.

गोळ्यांबाबतचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. पेशींची वाढ रोखणारे औषध धातूच्या तारांवर नैसर्गिक अस्तर तयार होण्याचा वेगही कमी करते. तोवर उघड्या तारेवर रक्ताची गुठळी होऊन वाहिनी एकाएकी बंद पडू शकते. म्हणून अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर देतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण 12 महिने, ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर साधारण 6 महिने. रक्तस्रावाचा धोका असल्यास हा काळ कमी करता येतो, पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

काकांना झटका येऊन पाचच महिने झाले आहेत. त्यांच्या डब्यातल्या क्लोपिडोग्रेलच्या पट्टीत नऊ गोळ्या तशाच शिल्लक होत्या. डॉक्टरांना फोन लावून गोळी त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू केली. पुढच्या महिन्यात त्यांना दाढ काढायची आहे; त्याआधी स्टेंटचे कार्ड दंतवैद्यांना दाखवायचे आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही, असे काकूंनी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.