मायचा रोज कसा कापावा

सगळ्यात आधी केबिनमध्ये आईचा मोठा फोटो लावा आणि त्याला रोज ताजा हार घाला. ज्याच्या डोक्यामागं आईचा एवढा फोटो आहे, तो माणूस बाईमाणसाचा पगार कापील असं कुणाच्या मनातही येत नाही.

मग मुलाखती घ्यायला बसा. वाळूजला तुमचा कारखाना असो, परभणीत विनाअनुदानित शाळा असो की नांदेडला दवाखाना, बाईला प्रश्न एकच विचारायचा: "लेकरं किती?" एकही नसलं तर "होईलच की". एक असलं तर "दुसऱ्याचं काय ठरलंय?" दोन असली तर "मग घरी कोण बघतं?" उत्तर कोणतंही येऊ द्या, आकडा आपण आधीच लिहून ठेवलेला असतो. गड्याला हे विचारायचं नाही. त्याला लेकरू झालं की पेढा खा, जबाबदारी वाढली म्हणून पगारवाढीचं बघा. त्याच महिन्यात बाळंत झालेल्या बाईच्या फाइलवर मात्र शेरा मारा, की आता हिचं लक्ष घराकडं.

क्लॉडिया गोल्डिन बाईंना 2023 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या 200 वर्षांच्या नोंदी उपसून त्यांनी दाखवलं की आजकाल एकाच कामातल्या बाई-पुरुषांच्या कमाईत जी तफावत दिसते, ती बरीचशी पहिलं लेकरू झाल्यावर पडते. काहून एवढे कागद चाळले कोण जाणे. धारूरच्या एखाद्या, ऊसतोड मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला फोन केला असता तर चहा निवायच्या आत सांगितलं असतं त्यानं.

कायद्याचं फार मनावर घेऊ नका. 1961 चा मातृत्व लाभ कायदा 2017 मध्ये सुधारला. पहिल्या दोन लेकरांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली, आणि 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर आलं. ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागू नसेल तर हा रजेचा पगार मालकाच्याच खिशातून जातो. (मातृत्वाचा मान सरकारनं ठेवला आणि बिल तुमच्या पत्त्यावर पाठवलं. या एका तक्रारीत मी तुमच्या बाजूनं आहे.) तेव्हा नव्यानं लग्न झालेली बाई घ्यायचीच नाही आणि हजेरीपट 49 नावांवर थांबवायचा. कॉलेज असेल तर आणखी सोपं. तासिका तत्त्वावर नेमा. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर बाळंतपणाच्या शुभेच्छा.

शब्द मात्र जपून वापरा. 'पगार' म्हटलं की मागून ग्रॅच्युइटी येते, फंड येतो, मोर्चे येतात. 'मानधन' म्हणावं. अंगणवाडी 1975 पासून आणि आशाताई 2005 पासून असल्याच शब्दांवर चालल्या आहेत. गावात रात्री दोनला कुणाला कळा सुरू झाल्या की स्वतःचं लेकरू झोपेत टाकून आशाताई तिला गाडीत घालून दवाखान्यात नेते. ती स्वयंसेविका आहे, आणि सेवेचा हिशेब मागणं बरं दिसत नाही. मानधनातला 'मान' तेवढा मोठ्यानं उच्चारायचा.

घरचा कारभार तुमच्याकडं असेल तर लातूरला एक चक्कर मारून या. तिथल्या ट्यूशन एरियात हिंगोली, अहमदपूर, देगलूरच्या माया एकेक खोली भाड्यानं घेऊन राहतात, लेकराच्या 'नीट'साठी. कुणी शिवणयंत्र झाकून आलेली असते, कुणी खासगी शाळेतली नोकरी सोडून. पहाटे पाचला डबा, रात्री अकराला दूध, मधल्या वेळात टेस्टच्या मार्कांची धास्ती. निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर लेकराचा फोटो आणि त्याहून मोठा क्लासच्या सरांचा. माय तेव्हा खोलीतली भांडी पोत्यात भरत असते. गावी परतल्यावर तिनं नोकरीचं नाव काढलंच तर म्हणायचं, "दोन वर्षं घरीच होतीस, आता तुला कोण घेतंय?"

2024 च्या केंद्र सरकारच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, आणि घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. करणारे, हं. न करणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत.

मायचा सन्मान मात्र करा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर राज्यात आधी लेकराचं नाव, मग आईचं, मग बापाचं लागतं. निर्णय चांगला आहे, मी मनापासून म्हणतो. तुम्हीही म्हणा, त्याला रुपया लागत नाही.

खरी हातोटी शिकायची तर दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यात जा. नाही, तेव्हा गावं रिकामी झालेली असतात. थेट ऊसतोडीच्या फडावर जा, सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, कोयत्याला मिळते, म्हणजे नवऱ्याच्या हातात. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, सातवा महिना असो की नववा. बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी देता, असा आरोप मुकादमावर कुणी करूच शकत नाही. तिची मजुरी वेगळी लिहिलेलीच नसते.

खाडा झाला की दंड. पाळीचा खाडा, बाळंतपणाचा खाडा, पोटात कळ आली तरी खाडाच. यावर बीडमध्ये मुळावरच उपाय निघाला. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहिलं, तेव्हा 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. लेकरं झाली, आता पिशवी ठेवून काय करायचं, असं समजावणारे डॉक्टरही भेटतात. ऑपरेशनचा खर्च उचलीतून होतो आणि उचल पुढच्या हंगामात फिटते, फिटली तर.

फडावर पाळणाघराचा खर्चही नाही. थोरली लेक आठ-नऊ वर्षांची झाली की कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्याला तीच सांभाळते, भाकरी थापते, पाणी आणते. शाळा तेवढे महिने गावाकडं राहते. तेरा-चौदाची झाली की कोपीत एकटी कशी ठेवायची, या काळजीनं मायच पाहुण्यांत बोलणं लावते. लग्न लागलं की जोडी झाली. मुकादम अक्षता टाकायला येतो, तो नव्या कोयत्याची उचल खिशात घेऊनच.