डॅलसची टक्कर: ‘जुनं भंगार’ आणि ‘आंधळा वैमानिक’ या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत

तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. चार इंजिनांचं एक मोठं बॉम्बर संथपणे चाललंय, एक छोटं लढाऊ विमान वळत वळत येतं आणि पंखाच्या मागे त्याच्या अंगात घुसतं. बॉम्बरचे तुकडे होतात आणि पाठोपाठ आगीचा लोळ उठतो. ही घटना १२ नोव्हेंबर २०२२ ची, अमेरिकेत टेक्ससमधल्या डॅलस एक्झिक्युटिव्ह विमानतळावरच्या ‘विंग्ज ओव्हर डॅलस’ या हवाई प्रदर्शनातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बी-१७ बॉम्बरमधले पाच जण आणि पी-६३ किंगकोब्राचा एकटा वैमानिक, असे सहा जण गेले. जमिनीवर कुणालाही इजा झाली नाही.

या व्हिडिओबरोबर एक मजकूर आजही फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पंचाहत्तरी ओलांडलेलं भंगार उडवलं की हेच होणार. लढाऊ विमानांना ५०० फूट आणि बॉम्बरना १००० फूट उंची दिली होती, किंगकोब्राच्या वैमानिकाने ती मोडली. एवढं धूड समोर असून त्याला दिसलं नाही म्हणजे एकतर तो बेफिकीर होता किंवा त्याने ते मुद्दाम केलं. म्हणून ही विमानं कायमची संग्रहालयात ठेवा. यातलं एकेक वाक्य तपासून बघू, कारण मेलेल्या माणसावर केलेल्या आरोपाला तो स्वतः उत्तर देऊ शकत नाही.

आधी भंगाराचं. अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०२४ च्या अखेरीस अंतिम अहवाल दिला. त्यात सांगितलेल्या कारणांमध्ये यांत्रिक बिघाड नाही. इंजिन बंद पडलं नव्हतं, पंख निखळला नव्हता. जुन्या विमानांना वयाचा त्रास होतच नाही, असं मी म्हणणार नाही. २ ऑक्टोबर २०१९ ला कनेक्टिकटमध्ये दुसरं एक बी-१७ पडून सात जण गेले. तिथे दोन इंजिनांनी दगा दिला होता आणि अपुऱ्या देखभालीवर एनटीएसबीने स्पष्ट बोट ठेवलं. २०२३ मध्ये बी-१७ च्या पंखांच्या जोडणीचे भाग तपासण्याचा सरकारी आदेशही निघाला. या चिंता खऱ्या आहेत, पण डॅलसशी त्यांचा संबंध नाही. तिथे दोन्ही विमानं टक्कर होईपर्यंत ठणठणीत उडत होती.

आता ५०० आणि १००० फुटांचं. मजकुरातली सगळ्यात मोठी चूक इथे आहे आणि वैमानिकावरचा सगळा राग तिच्यावरच उभा आहे. हे आकडे उंचीचे नव्हतेच. ती जमिनीवरची आडवी अंतरं होती. प्रेक्षक ज्या रेषेमागे उभे असतात, तिथून ५०० फुटांवर एक रेषा आणि १००० फुटांवर दुसरी. विमानांनी या रेषांच्या वरून उडायचं, म्हणजे गर्दीपासून ठरावीक अंतर राहतं. दोन समांतर रस्त्यांसारखं हे आहे. विमानानं कुठल्या रस्त्यावरून जायचं ते ठरतं, पण किती उंचीवरून जायचं ते त्यातून अजिबात ठरत नाही.

मग उंची कुणी ठरवली होती? कुणीच नाही. अपघातानंतर तीन आठवड्यांच्या आत आलेल्या प्राथमिक अहवालातच हे नोंदलेलं आहे: उड्डाणापूर्वीच्या बैठकीत कुणाला किती उंची हे ठरलं नव्हतं आणि विमानं हवेत असतानाही ते सांगितलं गेलं नाही. आकाशात तेव्हा तीन लढाऊ विमानं होती, त्यांत किंगकोब्रा शेवटचं. पाच बॉम्बरांचा दुसरा ताफा होता, त्यात हे बी-१७ सर्वांत पुढे. प्रदर्शनाची सूत्रं सांभाळणाऱ्या ‘एअर बॉस’ने रेडिओवरून लढाऊ विमानांना सांगितलं की एकामागे एक व्हा, बॉम्बरांच्या पुढून जा आणि ५०० फुटांच्या रेषेजवळ या. बॉम्बरांना १००० फुटांची रेषा दिली.

कागदावर हे आखून बघा. एका ताफ्याला दुसऱ्याच्या पुढून काढून आतल्या रेषेवर आणायचं, तर वाटा एकमेकींजवळ येणारच. अशा वेळी एकाला वर आणि एकाला खाली ठेवलेलं असलं, तर वेळेचा अंदाज चुकला तरी विमानं वरखालून निघून जातात. ते ठेवलेलंच नव्हतं. जी उंची कुणी दिलीच नाही, ती मोडल्याचा आरोप त्या माणसावर वर्षानुवर्षं होतोय आणि मला त्याचा संताप येतो.

‘एवढं धूड दिसलं नाही?’ हा प्रश्न आपण जमिनीवर उभं राहून विचारतो. कॅमेऱ्याला दोन्ही विमानं एका चौकटीत दिसत होती, दोघांपैकी एकाही वैमानिकाला ती तशी दिसत नव्हती. किंगकोब्राचं इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असतं आणि आत शिरायला मोटारीसारखी दारं असतात, म्हणजे नजरेच्या आड दाराच्या चौकटी येतात. त्यात विमान डावीकडे कललेलं आणि वैमानिकाचं लक्ष पुढच्या दोन विमानांच्या मागे राहण्यात. बी-१७ वर आघात झाला डाव्या बाजूने, पंखाच्या मागे. तिथून येणारं विमान पुढे बघणाऱ्या वैमानिकाला कसं दिसणार?

गाडी चालवणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. चौकात बाजूने येणारी दुचाकी काचेलगतच्या खांबाआड अख्खी लपते, आणि दोघांचा वेग जुळला तर लपलेलीच राहते. टक्करीच्या मार्गावरची वस्तू नजरेत बाजूला सरकतही नाही. ती एका जागी ठिपक्यासारखी राहते आणि अगदी शेवटी एकदम मोठी होते. एनटीएसबीने उड्डाणमार्गांची रचना, विमानाच्या सांगाड्याने अडलेली दृष्टी, प्रदर्शनातला लक्षावरचा ताण आणि माणसाच्या नजरेच्या मर्यादा, हे सगळं कारणांतच नोंदवलंय. त्याआधी नोंदवलंय ते हे: एअर बॉस आणि आयोजकांकडे विमानं वेगळी ठेवण्याची पुरेशी, आधी समजावून दिलेली योजना नव्हती. आयत्या वेळच्या सूचना आणि ‘बघा आणि टाळा’, म्हणजे वैमानिकांनी स्वतःच बघून टक्कर टाळायची, यावर सगळा भार टाकला होता.

‘मुद्दाम केलं’ यावर फार बोलायची गरज नाही. तपासाच्या निष्कर्षात अशा हेतूला कुठेच जागा नाही. तो वैमानिक दिलेल्या सूचनेप्रमाणे आपल्या पुढच्या विमानांमागून वळत होता.

राहता राहिलं संग्रहालय. ही विमानं उडवावीत की नाही, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. बी-१७ बारा हजारांवर बनली, उडण्याजोगी बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. एक गेलं की परत येत नाही, म्हणून जपून ठेवा, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. पण डॅलसचा दाखला त्यासाठी चालत नाही. १९८८ मध्ये जर्मनीत रामस्टाइनला इटलीच्या हवाई दलाची तीन जेट विमानं एकमेकांवर आदळली आणि ७० जण गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत बेंगळुरूला सरावात आपल्या सूर्यकिरण पथकाची दोन हॉक विमानं हवेत धडकली, एक वैमानिक गेला. यातलं एकही विमान महायुद्धातलं नव्हतं.

आणि मूळ चूक योजनेत असेल तर विमानं कोठारात बंद करून ती सुटत नाही. एअर बॉसनी आणि आयोजकांनी अशी योजना कशी करायची याचं पुरेसं मार्गदर्शन अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडे नव्हतं, हेही एनटीएसबीने अपघाताला हातभार लावणाऱ्या बाबींमध्ये लिहिलंय. ही दोन्ही विमानं ‘कमेमोरेटिव्ह एअर फोर्स’ या संस्थेची होती. ही संस्था स्वयंसेवकांवर चालते. गेलेल्या सहा जणांत आयुष्यभर प्रवासी विमानं चालवलेली माणसं होती. त्या दुपारी त्यांना उड्डाणाआधी एक गोष्ट सांगायला हवी होती, कोण किती उंचीवर राहणार.