खेळ आयलो?

गोव्यात सकाळी पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, पोंपों वाजली की आमच्या वाड्यावरचे अप्पा पिशवी घेऊन फाटकाशी येतात. मीही जातो. ते उंडे, म्हणजे गोल पाव, दाबून पाहतात, चार मोजून घेतात आणि माझ्याकडे न बघताच विचारतात, "खेळ आयलो?" म्हणजे, तुझा कॉम्प्युटर गेम आला का?

नऊ वर्षं झाली. पाव लहान होत गेला, भाव वाढत गेला, पोदेराच्या सायकलीची स्कूटर झाली, अप्पांचे दोन्ही गुडघे बदलून झाले. प्रश्न तोच, आणि माझं उत्तरही तेच. "येतलो." येईल.

गोष्ट २०१६ च्या नोव्हेंबरातली. नोटाबंदीचे दिवस. फोंड्यात एटीएमसमोर जत्रेसारख्या रांगा, घरात सुटे पैसे म्हणजे देवाच्या तबकातली नाणी तेवढी. अशा एका रात्री मी युरोपातल्या दोन भावांना २५ डॉलर कबूल केले. दोघे मिळून समुद्री चाच्यांचा कॉम्प्युटर गेम बनवणार होते. दीड मिनिटाचा ट्रेलर. त्यात एक गलबत, एक वादळ, आणि शेवटी धाकटा भाऊ कॅमेऱ्यात बघून म्हणतो, "हे आमचं लहानपणापासूनचं स्वप्न आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणची स्वप्नं माझ्याकडेही पडून होती, पण त्यांवर असे डॉलर मागता येतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पैसे मागितले होते किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर. तिथला नियम असा, की ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच कार्डावरून पैसे कापायचे. नाही जमली तर सगळ्यांचे वाचले. पुढचे वीस दिवस मी रोज रात्री आकडा बघत होतो आणि आपले पैसे जावेत म्हणून देवाला साकडं घालत होतो. देवाने ऐकलं. सोळाशे-सतराशे रुपये गेले. दुसऱ्या दिवशी बँकेचा फोन आला, "हा व्यवहार तुम्हीच केलाय ना?" आणि तो नेमका बाबांनी घेतला.

"गेम विकत घेतलास?"

"नाही, अजून बनायचाय."

"मग उसने दिलेस?"

"नाही."

"भागीदारी?"

"नाही बाबा, मी बॅकर आहे."

बॅकर म्हणजे पैसे देऊन पाठीशी उभा राहणारा. बाबांना 'बेकर' ऐकू आलं. पोदेराच्या धंद्यात मी पैसे घातले असं समजून ते दोन दिवस बऱ्यापैकी खूश होते.

वर्गणी म्हणून सांगितलं असतं तर बाबांना लगेच कळलं असतं. वर्गणी काढून काहीतरी उभं करणं आपल्या रक्तातच आहे. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि १९७६ साली 'मंथन' हा चित्रपट आला. किकस्टार्टर जन्मलं २००९ मध्ये. आमच्या गावात तर देवळातल्या पावणीत, म्हणजे लिलावात, केळ्यांचा एक घड पाच हजारांना जातो. घेणाऱ्याला केळी बाजारातही मिळाली असती, पण चारचौघांत बोली चढवण्याची मजा बाजारात कुठली? मीही तेच केलं होतं. फक्त माझा घड अजून झाडाला लागायचा होता.

गेम द्यायची तारीख होती डिसेंबर २०१७. त्याऐवजी अपडेट येत राहिले. आधी दरमहा. गलबताच्या दोऱ्या आता वाऱ्यावर खऱ्यासारख्या हलतात. मग, गेमचं सॉफ्टवेअर इंजिन बदललं, सगळं पुन्हा पहिल्यापासून, पण काळजी नको. मग थोरल्याचं लग्न. मग त्याला मुलगा. मग मुलाच्या हातात लाकडी गलबत. तो मुलगा आता शाळेत जातो. गेमपेक्षा त्याचीच प्रगती मी जास्त पाहिली आहे, आणि दात पडलेला त्याचा फोटो आला तेव्हा मी मनापासून लाइकही केलं. २०१९ मध्ये बॅकर लोकांसाठीचा टीशर्ट पोस्टाने आला. साइज मीडियम. मागवताना मी तसा होतो. आई आता त्याने मिक्सर झाकते.

आता कोणी म्हणेल, तुला शहाणपण नव्हतं का? होतं ना. माहिती तर तोंडपाठ होती. २०१२ मध्ये डबल फाइन या गेम बनवणाऱ्या कंपनीने चार लाख डॉलर मागितले, सत्याऐंशी हजार लोकांनी मिळून तेहतीस लाखांवर दिले, तरीही पैसे कमी पडले. शेवटी त्यांचा 'ब्रोकन एज' हा गेम दोन तुकड्यांत आला, अर्धा २०१४ च्या जानेवारीत आणि अर्धा २०१५ च्या एप्रिलमध्ये. २०१२ मध्येच सुरू झालेल्या 'स्टार सिटिझन'ने पाच लाख मागितले होते आणि २०१४ ची तारीख सांगितली होती. जमलेला आकडा आता सत्तर कोटी डॉलरच्या पुढे गेलाय. अंतराळात विमानं उडवता येतात म्हणे, पण गेम पूर्ण झाला असं अजून कोणी म्हटलेलं नाही. याउलट पुण्याच्या पोरांच्या 'राजी'ची वर्गणी २०१७ मध्ये जमलीच नाही, आणि २०२० मध्ये गेम मात्र आला. म्हणजे पैसे मिळाले की गेम लांबतो असाही सिद्धांत मांडता येईल. मी तो त्या दोन भावांना कळवला नाही, एवढंच.

माझ्यासारख्यांना जगवतो तो 'हॉलो नाइट'. ऑस्ट्रेलियातल्या इनमिन दोघा-तिघांनी २०१४ मध्ये पस्तीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले, सत्तावन्न हजार मिळाले, २०१७ मध्ये गेम आला आणि असा आला की लोक वेडे झाले. त्याच वर्गणीच्या वेळी कबूल केलेलं एक जास्तीचं पात्र वाढत वाढत 'सिल्कसाँग' नावाचा वेगळा गेम झालं. तो जाहीर झाला २०१९ मध्ये आणि मिळाला ४ सप्टेंबर २०२५ ला. त्या दिवशी विकत घेणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की स्टीमसकट ऑनलाइन दुकानं कोलमडली. बघा, म्हटलं, लोक वाट बघतात! अप्पा म्हणाले, "त्यांचो आयलो मरे. तुजो?"

हे इथंच थांबलं असतं. पण यंदा जत्रेतल्या नाटकाची वर्गणी जमेना, तेव्हा खजिनदारकाका आमच्याकडे आले. स्त्रीपार्टीचं मानधन, पडदे, माइक, मेकअप, सगळं मिळून साठ हजार हवे होते. मी नऊ वर्षांचा अनुभव ओतला. पाचशे रुपयांना पत्रिकेत नाव. हजाराला पुढच्या रांगेत नंबराची खुर्ची. पाच हजाराला नाटकात दोन वाक्यांची भूमिका. आणि स्ट्रेच गोल, म्हणजे पंचाहत्तर हजार झाले तर फिरता रंगमंच! क्यूआर कोड चहाच्या गाड्यावर चिकटवला. आठ दिवसांत ८३ हजार जमले. पाच हजारवाले पाच जण निघाले. ऐतिहासिक नाटक होतं. लेखकाने एक दूत लिहिला होता, आम्ही पाच केले.

फिरत्या रंगमंचाचं चाक मात्र लेथवाल्याकडे अडकलं. लोक विचारू लागले. खुर्ची क्रमांक सात चुकून दोघांना विकली गेली होती, ते दोघेही विचारू लागले. त्यातले एक अप्पाच. शेवटी एका रात्री मी ग्रुपवर लिहिलं, "बंधूंनो, आपल्या संयमाबद्दल मनःपूर्वक आभार. चाकाचं काम अंतिम टप्प्यात आहे. दर्जाशी तडजोड करायची नाही हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण आहे." पाठवल्यावर पुन्हा वाचलं आणि घाम फुटला. थोरल्या भावाच्या सतराव्या अपडेटचं मी शब्दशः भाषांतर केलं होतं. शेवटी लहान मुलाचा फोटो तेवढा टाकायचा राहिला होता.

"नाटक महिनाभर पुढे ढकलायचं का?" मी खजिनदारकाकांना विचारलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवाची पालखीच पुढच्या आठवड्यात काढा म्हटलं होतं. त्या दोन भावांच्या गावात जत्रा नसणार. असती तर गेम २०१७ लाच आला असता. कसा का असेना, आला असता.

आमचं नाटक कसं का असेना, झालं. दुसऱ्या अंकात मंच अर्धा फिरला आणि अडकला. अर्धा राजवाडा, अर्धं जंगल. राजाने झाडाखाली दरबार भरवला. पाचवा दूत हार्डवेअरवाला. त्याने स्वतःची दोन वाक्यं म्हणून झाल्यावर दुकानातल्या रंगांवरची सूटही जाहीर केली, तर प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला. क्रमांक सातवर अप्पा आणि ते दुसरे गृहस्थ आळीपाळीने एकेक प्रवेश बसत होते. रात्री दीड वाजता विंगेत दोरी धरून उभा असताना माझा फोन थरथरला. ईमेल होती. गेम तयार आहे, ही तुमची 'की', म्हणजे गेम उघडायचा कोड.

दोरी सोडता येत नव्हती. सोडली असती तर जंगल राजावर पडलं असतं.

घरी आलो चार वाजता. ५८ जीबी. लाइट एकदा गेली, आली, पुन्हा गेली. पहाटे कधीतरी डाउनलोड पुरं झालं, गेम उघडला आणि स्क्रीनवर अक्षरं आली की तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे. जुनं असणारच. ते मी याच गेमसाठी २०१६ मध्ये घेतलं होतं.

पोंपों वाजली. तसाच, डोक्याला नाटकाचा गोंद लागलेला, फाटकाशी गेलो. अप्पा उंडे दाबत होते.

"खेळ आयलो?"

"आयलो," मी म्हणालो.

त्यांच्या हातातला उंडा तसाच राहिला. पोदेरही थांबला. अप्पांच्या तोंडावर आनंद नव्हता. उद्यापासून इथं उभं राहून काय बोलायचं असा पेच दिसत होता. जरा वेळाने त्यांनी पाव पिशवीत टाकला.

"मागीर दुसरो केन्ना?" मग दुसरा कधी?

मी काहीच बोललो नाही. त्याच ईमेलच्या तळाशी दोघा भावांनी दुसऱ्या भागाचा ट्रेलर जोडला होता, आणि लाइट यायची वाट बघता बघता मी फोनवरून तीस डॉलर कबूल करून बसलो होतो.