खुर्चीत बसून लिहिलेलं उत्तर

‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. काढून टाका, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. राहू दे म्हटलं, लोकांनाही वाचू दे.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला श्वासचाचणी नाकारून सुटता येऊ नये, एवढंच मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर आपलं म्हणणं असं: रास्त संशय नसेल तर पोलिसांना कुणालाही यंत्रात फुंकायला लावता येत नाही, यंत्रं बेभरवशाची असतात, गांजा ओढलेला माणूस त्या यंत्रात सापडतच नाही, आणि दंड वाढला की रस्त्यावरचा ‘रेट’ वाढतो. इथवर ठीक. पण मग शेवटचं वाक्य कशासाठी? ‘डॉक्टर, खुर्चीत बसून लिहिणं सोपं असतं, रात्री दोन वाजता पोलिसांशी गाठ पडली की कायदा कळतो.’ मुद्दे पुरेसे होते तर हे शेपूट जोडायची गरज का पडली?

तर खुर्चीबद्दल. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मी बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत. रात्री दोन वाजता पोलिसांशी माझी गाठ पडायचीच, फक्त मी त्यांच्याकडे जात नसे, ते माझ्याकडे येत. सोबत अटक केलेला चालक आणि हवालदाराच्या हातात पत्र: ‘सदर इसमाने मद्यप्राशन केले आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा.’ मोटार वाहन कायद्याच्या २०४ व्या कलमात रक्त घेणारा जो नोंदणीकृत डॉक्टर येतो, तो मी होतो. आपण ते कलम इंटरनेटवर वाचलं असेल.

रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही, नाहीतर बचावाचा वकील तेवढ्यावरच अख्खा दिवस काढतो. नमुना आंबून त्यात नवी दारू तयार होऊ नये म्हणून बाटलीत सोडियम फ्लोराइड असलं पाहिजे. मग सील, लेबल, सह्या, आणि ‘सीए रिपोर्ट’ची, म्हणजे सरकारी रासायनिक प्रयोगशाळेच्या अहवालाची, वाट पाहणं. हे सगळं चालू असताना माझा फोन वाजत असे. ‘डॉक्टरसाहेब, मुलगा घाबरलाय, जरा त्याला बसू द्या, पाणी पिऊ द्या, मग घ्या रक्त.’ बोलणारा नेहमी अतिशय सभ्य असायचा. पाण्याने काही होत नाही हे मला ठाऊक होतं. वेळेने होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम दारू जिरवतं, कुणाचं थोडं कमी, कुणाचं जास्त. म्हणजे रस्त्यावर ४५ असलेला माणूस तासाभराने माझ्यासमोर बसला की मर्यादेच्या आत. त्याच्या गाडीपुढे आलेल्याचं जे व्हायचं ते मात्र ४५ वर असतानाच झालेलं असतं. त्यात २०२ व्या कलमाप्रमाणे अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला सोडावंच लागतं. म्हणून रस्त्यावरचा श्वास महत्त्वाचा, स्पष्टवक्तेसाहेब. पोलिसांवर माझं प्रेम आहे म्हणून नाही. श्वास आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये जितकी माणसं, जितके तास, तितक्या फटी. पुण्यात २०२४ मध्ये पोर्शे गाडीच्या अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. माझ्याच व्यवसायातले लोक. ती बातमी वाचून मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

आणि न प्यायलेल्या माणसाचाही विचार करा, ज्याची बाजू आपण घेताय म्हणे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस नशेत होता असं ठरवता येत नाही. आकडा हवा. आकडा नसेल तर उरतो तो माझ्यासारख्या पेंगुळलेल्या डॉक्टरचा अभिप्राय. तो चालेल तुम्हाला?

आता ‘रास्त संशय’. हो, कलम २०३ मध्ये तो शब्द आहे, मीही वाचलाय. गणवेशातला पोलीस, सार्वजनिक जागा आणि गुन्हा झाल्याचं मानायला रास्त कारण. पण नाकाबंदीत काच खाली झाल्यावर येणारा वास, लाल डोळे, लायसन्स शोधताना तीनदा तेच पाकीट उघडणं हे कारण नाही तर काय आहे? संशयासाठी पंचनामा लागतो, असं कलमात कुठे लिहिलंय ते दाखवा. नकार दिला तर काय, तेही तिथेच आहे: दारूचा रास्त संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक, आणि सबळ कारण नसेल तर २०५ प्रमाणे तो नकार सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो. ‘स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही’ हे घटनेतलं वाक्य जाता जाता टाकलंय आपण. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना म्हणजे साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्येच सांगितलं. श्वास त्याच जातीचा.

एक गोष्ट मान्य करतो. यंत्राची तपासणी वेळच्या वेळी झाल्याचं प्रमाणपत्र मागण्याचा आणि नवी नळी लावून घेण्याचा आग्रह धरायलाच हवा. माउथवॉशने चूळ भरून लगेच फुंकलं तर आकडा फसवा येतो, तेव्हा पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकू द्या म्हणावं. झालं समाधान?

गांजाचं म्हणाल, तर त्यासाठी १८५ मध्ये, म्हणजे नशेत गाडी चालवण्याच्या गुन्ह्याच्या कलमात, आकडा नाही, गाडीवर ताबा ठेवता येण्यासारखी स्थिती नव्हती हे सिद्ध करावं लागतं. इंग्लंडमध्ये २०१५ पासून त्यासाठी वेगळ्या मर्यादा आहेत. पण एक चोर सापडत नाही म्हणून दुसऱ्याला सोडा, हा युक्तिवाद माझ्या डोक्यात शिरत नाही, आणि लेखाचा विषयही तो नव्हता.

दंडाचं एका ओळीत. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही; कैद आधीपासून होतीच, दंडाचा हा आकडा २०१९ च्या दुरुस्तीने आला. १८५ चा गुन्हा तडजोडीच्या यादीत नाही, प्रकरण कोर्टातच जातं. तेव्हा रस्त्यावर जे कुणी घेतं तो दंड नसतो आणि देणाराही साव नसतो. ‘साहेब, माझी केस कोर्टात पाठवा’ असं म्हणायचं. आपण म्हणता का?

यापुढे प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने द्यावी. मी माझ्या नावाने लिहितो.