विमा पिल्लाचा की फक्त कागदाचा?

कोथरूडमध्ये घरी कुत्र्याचं देशी पिल्लू आणलंय. विम्याची चौकशी केली की पहिला प्रश्न ठरलेला: "ब्रीड कोणती, मॅडम?" रस्त्यावरचं आहे हो! त्यालाही ताप येतो, त्याचंही हाड मोडतं.

मग अटी. लसीकरण पूर्ण नसेल तर पार्व्हो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गांचा क्लेम नाही. अरे, पण हे डोस साधारण दीड महिन्यापासून चार महिन्यांपर्यंत चालतात आणि पार्व्होचा सगळ्यात मोठा धोका नेमका त्याच वयात असतो! रक्ताचे जुलाब, सलाइन, रात्रभर दवाखाना. खिसा रिकामा होतो तो तेव्हाच. वर प्रतीक्षा कालावधी वेगळा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस आजाराचा क्लेमच नाही. आणि त्या काळात गोचीडताप झाला, तर पुढे तोच 'आधीपासूनचा आजार' म्हणून वगळायला मोकळे.

फोनवर प्रत्येक एजंट सांगतो, "सगळं कव्हर होतं." लेखी द्या म्हटलं की ब्रोशर पाठवतो, त्यात गोंडस लॅब्रॅडॉरचा फोटो. मला फोटो नकोय. काय मिळणार नाही, ते पैसे भरायच्या आधी एका पानावर, वाचता येईल अशा अक्षरांत, मराठीत लिहून द्या. एवढंच मागतेय!