‘सहा ओळींत कॅशे सेट’ म्हणे! एकेक ओळ बघू या

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ‘डिस्ट्रिब्युटेड कॅशेचं कॉन्फिगरेशन सहा ओळींत, पुन्हा एरर दिसला तर सांगा’ असा त्याचा थाट. रेडिस आणि मेमकॅश्डसाठी सर्व्हरवर काय टाकायचं, अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूने काय टाकायचं याची यादी, आणि खाली ‘सेव्ह करून ठेवा, कामाला येईल’. (डिस्ट्रिब्युटेड कॅशे म्हणजे वारंवार लागणारा डेटा पटकन मिळावा म्हणून अनेक सर्व्हरच्या मेमरीत ठेवायची सोय; रेडिस आणि मेमकॅश्ड ही त्यासाठीची सॉफ्टवेअर.) असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. हा उघडला, कारण तो भाच्याने पाठवला होता आणि सोबत लिहिलं होतं, ‘मावशी, टीममध्ये सगळ्यांना पटलंय. आज रात्री प्रॉडक्शनला टाकतोय. एकदा नजर टाकशील?’

टाकली. फोनवर त्याला जे ऐकवलं ते राहू दे, मुद्द्यांचं तेवढं इथे लिहिते, कारण हा मेसेज आणखी किती टीमना ‘पटलाय’ देव जाणे. सहाही ओळींमागचं डोकं एकच आहे: एरर आला की तो देणारी तपासणीच बंद करून टाका. एरर दिसेनासा होतो हे खरं. म्हणून तर लोकांना मेसेज आवडतो.

‘क्लायंटला कनेक्शन मिळत नाही? बाइंड ०.०.०.० करा, प्रोटेक्टेड मोड नो करा. मेमकॅश्डलाही तसंच. विषय संपला.’

विषय इथे सुरू होतो. बाइंड ०.०.०.० म्हणजे मशीनला जेवढे नेटवर्क इंटरफेस आहेत त्या सगळ्यांवर कान देऊन बस. त्यातला एक जरी इंटरनेटला जोडलेला असेल आणि वाटेत फायरवॉल नसेल, तर ६३७९ पोर्टवर, म्हणजे रेडिसच्या ठरलेल्या दारावर, जगातलं कोणीही येऊ शकतं. आलेल्याला ‘कोण रे तू’ विचारणारंही कोणी नाही, कारण पासवर्डचा उल्लेख अख्ख्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘अगं पण कॅशेच तर आहे, त्यात काय गुपित ठेवलंय?’ हे भाच्याचं उत्तर. हेच उत्तर सगळीकडे ऐकू येतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. रेडिस ज्यांनी लिहिलं त्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी स्वतःच २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या ब्लॉगवर उघड्या रेडिसवरचा हल्ला करून दाखवला होता. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पद्धत, आणि पब्लिक की ही त्यातली ओळख. हल्लेखोर आपली एसएसएच पब्लिक की आधी रेडिसमध्ये एका साध्या कीची (रेडिसमधली ‘की’ म्हणजे डेटा ज्या नावाखाली ठेवतात ते नाव) व्हॅल्यू म्हणून ठेवतो, वर-खाली रिकाम्या ओळी सोडून. मग ‘कॉन्फिग सेट’ने रेडिसला सांगतो, तुझी डंप फाइल (मेमरीतला डेटा डिस्कवर साठवायची फाइल) यापुढे यूजरच्या एसएसएच फोल्डरमध्ये लिही आणि तिचं नाव ‘ऑथराइज्ड कीज’ ठेव; कोणाला लॉगिन करू द्यायचं ते एसएसएच त्याच नावाच्या फाइलमध्ये बघतो. मग सेव्ह. त्या फाइलमध्ये रेडिसचा बाकीचा बायनरी कचराही असतो, पण एसएसएच सर्व्हर न समजणाऱ्या ओळी सोडून देतो आणि नेमकी हवी ती ओळ उचलतो. झालं, हल्लेखोर लॉगिन करून आत. यात कुठलाही बग वापरलेला नाही. सगळ्या कमांड कागदोपत्री असलेल्या, नीट चालणाऱ्या. गेला तो कॅशेतला डेटा नव्हे, मशीन गेलं.

याच प्रकाराला आळा घालायला २०१६ मध्ये रेडिस ३.२ सोबत प्रोटेक्टेड मोड आला. बाइंडचा पत्ता दिलेला नाही आणि पासवर्डही नाही (७.० पासून: नुसता पासवर्ड नाही), असं दिसलं की रेडिस फक्त त्याच मशीनवरून आलेल्या कनेक्शनला उत्तर देतं, बाकीच्यांना ‘डिनाइड’. पुढे ७.० मध्ये डंप फाइलचं फोल्डर आणि नाव चालू सर्व्हरवर बदलणंही डीफॉल्टने बंद केलं. एवढं सगळं करून ठेवलेलं असताना आमचे मेसेजवाले म्हणतात, नो करा.

अर्धसत्य इतकंच, की प्रोटेक्टेड मोड बंद करायचा पर्याय तो ‘डिनाइड’चा लांबलचक एरर स्वतःच सुचवतो. मान्य. पण त्याच वाक्यात पुढे म्हटलंय की रेडिस इंटरनेटवरून पोहोचण्याजोगं नाही याची खात्री करा, ‘खात्री करा’ हे तर कॅपिटल अक्षरांत, आणि त्याखाली पासवर्ड द्यायचा पर्यायही आहे. मेसेज लिहिणाऱ्याने वाक्याचा सोयीचा अर्धा भाग उचलला.

शिवाय आधी एरर नीट वाचावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर बहुधा कोणी ऐकतच नाहीये: सर्व्हर बंद आहे किंवा बाइंड दुसऱ्याच पत्त्यावर आहे. कनेक्ट होताना नुसताच टाइमआउट येत असेल तर बहुतेक वेळा मधली फायरवॉल पॅकेट गिळतेय. ‘डिनाइड’ आला तर तुम्ही रेडिसपर्यंत पोहोचलात, प्रोटेक्टेड मोडने अडवलं. तीन दुखणी, तीन वेगळे उपाय. मेसेजमध्ये तिघांना एकच गोळी.

‘आमच्याकडे फायरवॉल आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या बंद डब्यांत चालवायची सोय. रेडिसच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोड आधीच बंद असतो, कंटेनरना आपापसात बोलता यावं म्हणून. आणि डॉकरने पोर्ट पब्लिश केला की तो लिनक्सवरच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देऊन जातो. म्हणजे फायरवॉलच्या यादीत पोर्ट बंद दिसतो आणि बाहेरून मजेत उघडतो. बाहेरच्या मशीनवरून तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

पासवर्ड लावलात तरी तो लांबलचक, यंत्राने तयार केलेलाच हवा. रेडिस इतकं वेगवान आहे की सेकंदाला दहा लाखांपर्यंत पासवर्ड आजमावून बघता येतात, असा इशारा खुद्द त्याच्या कॉन्फिग फाइलमधल्या टिपेत दिलेला आहे. तेव्हा बाइंड करायचं ते खाजगी नेटवर्कच्या पत्त्यावर, पोर्ट उघडायचा तो फक्त अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरसाठी, आणि ६.० पासून एसीएल (कोणाला काय करू द्यायचं याचे नियम) व टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) दोन्ही आहेत ते वापरायचे.

मेमकॅश्डची कथा तर जगजाहीर आहे. ११२११ पोर्टवर यूडीपी (पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे न तपासणारी नेटवर्क पद्धत) उघडा ठेवलेले सर्व्हर वापरून २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहबवर १.३५ टेराबिट प्रतिसेकंद इतक्या ट्रॅफिकचा मारा झाला. लहानशी विनंती पाठवायची, पाठवणाऱ्याचा पत्ता बळीचा द्यायचा, आणि अवाढव्य उत्तर त्याच्या अंगावर सोडायचं. त्यानंतर १.५.६ आवृत्तीपासून यूडीपी डीफॉल्टने बंद झाला. ०.०.०.० करून जुनी आवृत्ती चालवणारा माणूस अशा हल्ल्यांना फुकट दारूगोळा पुरवत असतो.

‘क्लायंटचा टाइमआउट शून्य ठेवा, म्हणजे टाइमआउटचे एरर येणारच नाहीत.’

येणार नाहीतच. काहीच येणार नाही, पेजसुद्धा.

हा घोळ कुठून आला याचा अंदाज आहे. रेडिसच्या सर्व्हर कॉन्फिगमध्ये ‘टाइमआउट’ नावाची सेटिंग आहे आणि तिची डीफॉल्ट किंमत खरंच शून्य आहे. पण तिचा अर्थ, नुसत्या बसून राहिलेल्या क्लायंटचं कनेक्शन किती सेकंदांनी तोडायचं; शून्य म्हणजे तोडू नकोस. अ‍ॅप्लिकेशनमधला टाइमआउट म्हणजे उत्तरासाठी किती थांबायचं. जावाच्या सॉकेटला तिथे शून्य दिलं की तो अनंतकाळ थांबतो. नाव एकच, बाजू वेगळी, काम वेगळं.

आता एक कॅशे नोड, म्हणजे कॅशेचा एक सर्व्हर, अडकला असं धरा. मेला नाही, अडकला. कोणीतरी कोट्यवधी कीज असलेल्या सर्व्हरवर सगळ्या कीजची यादी मागणारी ‘कीज’ कमांड चालवली की होतं तसं. त्याच्याकडे गेलेला अ‍ॅप्लिकेशनचा प्रत्येक थ्रेड (एका वेळी एक विनंती हाताळणारा कामगार म्हणा) उत्तराची वाट बघत उभा राहतो. नवीन विनंत्या येत राहतात, नवीन थ्रेड जाऊन त्याच रांगेत लागतात, आणि थोड्याच वेळात वेब सर्व्हरकडे मोकळा थ्रेड उरत नाही. ज्या पेजचा त्या नोडशी काडीचा संबंध नाही तीही बंद. डेटाबेस ठणठणीत, बाकीचे कॅशे नोड ठणठणीत, आणि साइट आडवी. लॉगमध्ये एरर एकही नाही, कारण तुम्हीच तो बंद केलात.

एकाच नेटवर्कमध्ये कॅशेचं उत्तर साधारण मिलिसेकंदाच्या आत येतं. मग काही दहा मिलिसेकंद, फार तर शे-दोनशे थांबा आणि सोडून द्या. कनेक्ट होण्याचा टाइमआउट वेगळा, वाचनाचा वेगळा. उत्तर नाही आलं तर डेटाबेसकडे जा, पण तिथेही मर्यादा ठेवून, नाहीतर कॅशे पडल्यावर सगळी गर्दी डेटाबेसच्या छातीवर. पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर दर वेळी अंतर वाढवत आणि त्यात थोडा रँडमपणा ठेवून, म्हणजे सगळे क्लायंट एकाच क्षणी दार ठोठावणार नाहीत.

‘मॅक्समेमरी द्यायची गरज नाही, कॅशे स्वतः बघून घेतो.’

मॅक्समेमरी म्हणजे जास्तीत जास्त किती मेमरी वापरायची याची मर्यादा. मेमकॅश्डच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे, कबूल. तो डीफॉल्टने ६४ एमबी घेतो आणि जागा संपली की जुनं काढून नवं ठेवतो. रेडिस तसं नाही. ६४-बिट मशीनवर मॅक्समेमरी दिली नाही तर मर्यादाच नाही. रॅम संपेपर्यंत वाढतं आणि मग लिनक्स प्रोसेस मारून मोकळा होतो. मर्यादा दिली आणि एव्हिक्शन पॉलिसी (जागा भरल्यावर काय काढायचं याचा नियम) दिली नाही तर डीफॉल्ट ‘नोएव्हिक्शन’: जागा भरली की लिहिण्याला एरर. कॅशेसाठी बहुधा ‘ऑलकीज एलआरयू’ (बराच काळ न वापरलेलं आधी काढणारी) किंवा ‘ऑलकीज एलएफयू’ (कमी वेळा वापरलेलं आधी काढणारी) हवी. आणि मर्यादा म्हणून सगळी रॅम देऊ नका. स्नॅपशॉट घेताना, म्हणजे डेटा डिस्कवर लिहिताना, रेडिस फोर्क होतं (स्वतःची दुसरी प्रोसेस काढतं) आणि तेवढ्यात बदललेल्या मेमरीच्या पानांच्या प्रती मेमरीत राहतात.

‘टीटीएल जितका मोठा तितकं चांगलं. सरळ ९० दिवस टाका.’

टीटीएल म्हणजे की किती काळ जिवंत ठेवायची ती मुदत. मेमकॅश्डमध्ये ९० दिवसांचे सेकंद टाकून बघाच. ३० दिवसांपेक्षा मोठा आकडा तो कालावधी मानत नाही, १९७० पासून मोजलेली तारीख मानतो. ७७,७६,००० सेकंद म्हणजे त्याच्या लेखी १९७० चा एप्रिलचा पहिला दिवस. म्हणजे की ठेवताक्षणी मुदतबाह्य. सेट यशस्वी, गेट रिकामा, एरर नाही. हा शोधायला माणसं रात्री घालवतात.

रेडिसमध्ये ९० दिवस चालतील, पण शिळा डेटाही ९० दिवस चालेल. आणि सगळ्या कीजना एकच टीटीएल दिलात तर त्या एकत्र मरतात. लोकप्रिय की गेली की एकाच क्षणी हजारो क्लायंट तीच क्वेरी घेऊन डेटाबेसकडे धावतात. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ च्या शोधनिबंधात यावरचा लीजचा उपाय मांडलाय: की सापडली नाही तर ती भरायचं टोकन एकालाच, बाकीचे क्षणभर थांबतात. अशा गर्दीला बळी पडणाऱ्या कीजवर त्यांच्या डेटाबेसची कमाल क्वेरी संख्या सेकंदाला १७,००० वरून १,३०० वर आली. इतकं जमत नसेल तर निदान टीटीएलमध्ये थोडं मागेपुढे करा.

‘सर्व्हर वाढवायचा तर क्लायंटच्या यादीत नाव जोडा, बास.’

कोणत्या क्लायंटच्या? की कुठल्या मेमकॅश्ड सर्व्हरवर जाईल हे सर्व्हर ठरवत नाही, क्लायंट ठरवतो. हॅशला (कीवरून काढलेल्या आकड्याला) सर्व्हरसंख्येने भागून बाकी घेण्याची साधी पद्धत असेल तर चाराचे पाच सर्व्हर करताच ८० टक्के कीजचा पत्ता बदलतो. म्हणजे जवळपास रिकाम्या कॅशेवर दिवस काढायचा. कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये, जी १९९७ पासून माहीत आहे, साधारण पाचवा हिस्साच हलतो.

याहून वाईट म्हणजे दोन अ‍ॅप्लिकेशनमध्ये दोन लायब्ररी आणि दोन हॅशिंग पद्धती. एक जण पहिल्या सर्व्हरवर लिहितो, दुसरा तिसऱ्यावर शोधतो. एकाने की डिलीट केली तर ती भलत्याच सर्व्हरवर डिलीट होते आणि जुनी किंमत दुसऱ्याला दिसत राहते. यादी, क्रम, वजन, हॅश सगळ्या क्लायंटवर अक्षरशः एकसारखं हवं.

रेडिस क्लस्टरमध्ये (अनेक रेडिस नोड मिळून डेटा वाटून घेतात त्या रचनेत) दोन-तीन नोडची नावं पुरतात, बाकीचे क्लायंट स्वतः शोधतो. इथे ओळ थोडी खरी ठरते. पण क्लायंट क्लस्टर समजणारा हवा, नाहीतर ‘मूव्ह्ड’चे, म्हणजे ‘की दुसऱ्या नोडवर आहे’ असे, एरर येत बसतील. आणि नवीन नोड जोडला तरी कीज ज्यांत वाटलेल्या असतात त्या १६,३८४ स्लॉटपैकी काही त्याच्याकडे सरकवेपर्यंत तो रिकामाच बसतो. नोड आपापसात १६३७९ वर बोलतात, तो पोर्टही त्यांच्यामध्ये उघडा लागतो.

‘कनेक्शन पूल हजारचा ठेवा.’

पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, हवा, बरोबर. हजार कशाला? अ‍ॅप्लिकेशनच्या ४० प्रती असतील तर ४०,००० कनेक्शन, आणि रेडिसची डीफॉल्ट मर्यादा १०,०००. कमांड तर मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतात, तेव्हा जास्त कनेक्शनने वेग वाढत नाही. आधी लहान ठेवा, मोजा, मग वाढवा. पूलमधून कनेक्शन मिळायची वाट किती बघायची तेही लिहा. जेडिसच्या (जावासाठीच्या रेडिस लायब्ररीच्या) पूलमध्ये डीफॉल्टने ती अमर्याद असते.

ज्यांनी मेसेजमधली पहिली, बाइंडची ओळ आधीच लावली आहे त्यांनी बाकीच्या पाच नंतर बघाव्यात. बाहेरच्या मशीनवरून ६३७९ उघडतो का बघा. उघडत असेल तर तो आधी बंद करा, मग ‘कॉन्फिग गेट’ने डंप फाइलचं फोल्डर आणि नाव तपासा, ऑथराइज्ड कीज आणि क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) अनोळखी ओळ आहे का बघा. काहीही सापडलं तर साफसफाई करत बसू नका. मशीन नव्याने उभं करा आणि त्यावर ठेवलेले सगळे पासवर्ड नि टोकन बदला.