शब्द मोजण्याआधी बोट बघा

"मुलगा आहे, उशिरा बोलेल." "याचा बापही चौथ्या वर्षी बोलला." सांगणारे आपलेच असतात, मायेनंच सांगतात, आणि त्यात मुलाचं वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

म्हणून मूल बोलण्याची वाट बघताना आधी त्याचं बोट बघा. बोट दाखवण्याचे दोन प्रकार असतात. एक 'ते दे' म्हणून. दुसऱ्यात मुलाला काहीच नको असतं, नुसतं 'बघ, विमान!' म्हणून दाखवायचं आणि वळून तुमच्या चेहऱ्याकडे बघायचं. हे दुसरं बोट दीड वर्षापर्यंत दिसलं नाही तर तपासणी करून घ्या. तुमचा हात धरून फ्रिजपर्यंत ओढत नेणं यात धरू नका. शंभरपर्यंत आकडे म्हणणारं मूल तहान लागल्यावर पाणी मागत नसेल, तर ते पाठांतर झालं, बोलणं नव्हे. 'हुशार आहे हो' म्हणत घरचे फसतात ते इथेच.

१६ महिन्यांना एकही शब्द नाही, २४ महिन्यांना दोन शब्दांचं स्वतःचं वाक्य नाही, तर थांबू नका. आलेले शब्द गेले, तर कुठल्याही वयात लगेच दाखवा.

या खुणा दिसल्या म्हणजे प्रत्येक वेळी ऑटिझमच (मेंदूच्या वाढीतला असा फरक, ज्यात इतरांशी संवाद आणि वागणं वेगळं असतं) असतो असं नाही. आधी श्रवणचाचणी. दार आपटल्यावर दचकतो म्हणजे ऐकू येतं, हा पुरावा कच्चा आहे. मोठा आवाज कळतो, 'स'सारखे बारीक आवाज निसटतात. वर्षाच्या आत बाळ एकाच हातानं सगळं उचलत असेल, तर 'डावखुरा आहे' म्हणून कौतुक नको, दुसरा हात तपासा. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असण्याची, ती खूण असू शकते. (सेरेब्रल पाल्सी म्हणजे बुद्धी कमी, हा गैरसमज तर जाता जात नाही.) हे सगळे टप्पे मोजताना आठ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून दोन वर्षांपर्यंत ते आठ आठवडे वजा करा.

१६ ते ३० महिन्यांसाठी एम-चॅट ही ऑटिझमची शक्यता बघणारी, पालकांनी भरायची २० प्रश्नांची चाळणी आहे. 'एकदा केलं होतं' याला पालक 'हो' लिहितात आणि चाळणीच निकामी करतात. नेहमी करत नसेल तर उत्तर 'नाही'. अर्थात गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नव्हे, पुढची तपासणी हवी इतकंच.

निदानाचा कागद येईपर्यंत थेरपी अडवू नका. घरी मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, दोन वस्तू धरा, 'कुठलं हवं?' विचारा आणि मनात दहा मोजा. आपण दुसऱ्याच सेकंदाला पुन्हा विचारतो, मग उत्तर जुळवायला त्याला वेळ कुठून मिळणार?

डॉक्टरांकडे जाताना जेवण, खेळ, हाक मारणं यांचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्या. तिथे मूल बावरतं. फक्त कॅमेऱ्यामागून 'म्हण ना, म्हण ना' चालू ठेवू नका. डॉक्टरांना तुमचं बोलणं ऐकायचं नसतं.